४७ जीबीचा डीबग लॉग आणि त्यातल्या १३४० ओळी

जुलैमधला प्रवेशाचा आठवडा. एका शिक्षणसंस्थेचं ऑनलाइन फी भरण्याचं ॲप्लिकेशन दिवसभर सुरळीत चालायचं आणि रात्री साडेआठच्या सुमारास अडखळायला लागायचं. विद्यार्थ्याच्या खात्यातून पैसे वळते व्हायचे, बँकेचा एसएमएसही यायचा. पण पैसे स्वीकारणाऱ्या पेमेंट गेटवेकडून परत संस्थेच्या पानावर आल्यावर अर्धा मिनिट नुसतं चक्र फिरायचं आणि शेवटी ‘५००’ची, म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडल्याची, एरर दिसायची. पावती नाही म्हणजे प्रवेश पक्का नाही. त्या धास्तीने काही पालकांनी दुसऱ्यांदा फी भरली होती.

मांडणी साधी होती. जावातल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवरचं ॲप्लिकेशन, त्यापुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. सगळं एकाच लिनक्स सर्व्हरवर: ४ कोअर, १६ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. डिस्कवर पार्टिशनही एकच. ही शेवटची गोष्ट पुढे महागात पडली.

लॉग म्हणजे ॲप्लिकेशन चालताना स्वतः लिहीत जातं ती नोंदवही. नेहमीच्या इन्फो पातळीच्या लॉगमध्ये ताकास तूर लागत नव्हती. म्हणून संध्याकाळी ७ वाजता रूट लॉगरची, म्हणजे सगळ्या लॉगरांच्या मुळाची, पातळी बारीक तपशील लिहिणाऱ्या डीबगवर नेली, ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं आणि रात्रीची गर्दी पकडायची असं ठरलं. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी डिस्क भरली आणि पोस्टग्रेस बंद पडलं.

एवढा लॉग आला कुठून

रूट लॉगर डीबगवर नेणं म्हणजे ॲप्लिकेशनच्या आपल्या कोडबरोबर त्याच्या पोटातल्या प्रत्येक लायब्ररीला बोलतं करणं. स्प्रिंग बूटमध्ये नुसतं ‘डीबग बरोबर ट्रू’ लिहिलं तर मोजकेच मूळ लॉगर डीबगवर जातात. रूटची पातळी बदलली की सगळे जातात. या दोन सेटिंगांमध्ये गल्लत फार वेळा होते. इथे सगळ्यात मोठा बोलघेवडा निघाला अपाचे एचटीटीपी क्लायंटचा ‘वायर’ लॉगर. गेटवेला जाणारी विनंती आणि येणारं उत्तर तो हेडरसकट, मजकुरासकट, ओळीओळीने छापतो. त्यात एक शेड्यूल्ड जॉब दर मिनिटाला सगळ्या अर्धवट व्यवहारांची स्थिती गेटवेला विचारत होता. पावत्या अडकतील तसे अर्धवट व्यवहार वाढत होते आणि व्यवहार वाढतील तशा या ओळी. त्यामुळे रात्री २ वाजता एकही विद्यार्थी साइटवर नसताना लॉग मात्र वाहत होता.

हिशेब असा. ७ ते ६:१० म्हणजे ४०,२०० सेकंद. फाइल ४७ जीबी. सरासरी सेकंदाला १.२ एमबीच्या आसपास. एक ओळ सरासरी १८० बाइटची धरली तर साधारण २६ कोटी ओळी. आणि नेमके ४७ जीबीच का? डिस्क ८० जीबीची, २९ जीबी आधीच वापरात, ईएक्सटी४ फाइल सिस्टिम डीफॉल्टने ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखते ते ४ जीबी. उरले ४७. ॲप्लिकेशन साध्या युजरखाली चालत होतं, म्हणून त्याच्यासाठी डिस्क तिथेच संपली.

खरं तर लॉग लिहिणाऱ्या लॉगबॅक लायब्ररीत फाइल फिरवण्याची, म्हणजे ठरलेला आकार झाला की नवी सुरू करण्याची, सोय आहे आणि स्प्रिंग बूट ती डीफॉल्टने १० एमबीवर लावतं. पण ती लॉगबॅक स्वतः लिहितो त्या फाइलीपुरती. इथे सुरू करण्याच्या स्क्रिप्टमध्ये कन्सोलवर येणारं सगळं एका ‘ग्रेटर दॅन’ (>) चिन्हाने ॲप डॉट आउट नावाच्या फाइलीत वळवलं होतं. ती फाइल लॉगबॅकच्या हिशेबात नव्हती आणि लॉग फिरवणाऱ्या लिनक्सच्या लॉगरोटेटच्या यादीतही नव्हती. यादीत असती तरी फारसा उपयोग झाला नसता. लॉगरोटेट सहसा दिवसातून एकदाच चालतं आणि आकाराची अट चालेल तेव्हाच तपासतं. शिवाय कॉपी-ट्रंकेट पद्धतीत आधी फाइलीची पूर्ण नक्कल होते. ४७ जीबीची नक्कल करायला आणखी ४७ जीबी आणणार कुठून?

सकाळची धावपळ: फाइल उडवली तरी जागा मिळेना

पहिली प्रतिक्रिया आरएम कमांडने फाइल उडवण्याची झाली. डिस्क किती भरली ते सांगणारी डीएफ कमांड तरीही १०० टक्केच दाखवत राहिली. फाइलींचे आकार मोजणाऱ्या डीयूने सगळ्या फोल्डरांची बेरीज मात्र २९ जीबी सांगितली. डीएफ आणि डीयूच्या आकड्यांत असा मोठा फरक दिसला की जवळपास नेहमी एकच कारण असतं: उडवलेली फाइल अजून कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरली आहे. लिनक्समध्ये आरएम फक्त नाव काढतं. फाइल धरून बसलेला शेवटचा हात सुटेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला ‘प्लस एल १’ दिलं की अशा बिननावाच्या फाइलींची यादी मिळते. तिथे जावाच्या प्रोसेससमोर ४७ जीबी आणि ‘डिलीटेड’ असं दिसत होतं.

इथे सरळ ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं असतं तर जागा मिळाली असती, पण रात्रभराचा पुरावा कायमचा गेला असता. म्हणून क्रम असा लावला गेला, आणि तो जसाच्या तसा उचलण्यासारखा आहे.

आधी तोटी बंद. स्प्रिंग बूट ॲक्चुएटरच्या, म्हणजे चालत्या ॲप्लिकेशनवर लक्ष ठेवण्याच्या सोयीच्या, ‘लॉगर्स’ एंडपॉइंटला पोस्ट करून रूटची पातळी पुन्हा इन्फोवर आणली. त्यासाठी रीस्टार्ट लागत नाही. मग थोडा श्वास: पॅकेज मॅनेजरची साठवण आणि जुन्या रिलीजच्या जार फाइली दुसऱ्या मशीनवर हलवल्यावर ३ जीबी मोकळे झाले. तेवढ्यावर पोस्टग्रेस उठलं. वॉल, म्हणजे प्रत्येक बदल आधी नोंदवण्याची डेटाबेसची वही, लिहायला जागा नसली की पोस्टग्रेस पॅनिक होऊन थांबतं. जागा मिळाली की स्वतःची रिकव्हरी करून उभं राहतं. अशा घाईत पीजी-वॉल फोल्डरमधल्या फाइली ‘लॉगच तर आहेत’ म्हणून उडवण्याचा मोह होतो. तो डेटाबेसचा प्राण आहे, त्याला हात लावायचा नाही.

मग पुरावा. फाइलीचं नाव गेलं असलं तरी प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली ‘एफडी’ आणि त्यात ‘१’ या नावाने ती वाचता येते, अगदी पहिल्या बाइटपासून. तिथून वाचत, वाटेतच जीझिपने दाबत, एसएसएचवरून दुसऱ्या मशीनवर नेली. सर्व्हरच्या डिस्कवर एक बाइटही न लिहिता ४७ जीबीचे ३.४ जीबी झाले. लॉगमध्ये पुनरावृत्ती प्रचंड असते, त्यामुळे तो असा भरपूर दबतो. हे पोहोचल्याची खात्री झाल्यावरच ॲप्लिकेशन रीस्टार्ट केलं आणि डिस्क मोकळी झाली.

रीस्टार्ट शक्यच नसेल तर त्याच प्रॉकच्या वाटेने फाइल शून्यावर कापता येते. मात्र स्क्रिप्टमध्ये दोन ‘ग्रेटर दॅन’ ऐवजी एकच असेल तर प्रोसेस पुढची ओळ जुन्याच जागेवर, ४७ जीबीच्या पुढे लिहिते. मग एलएस ४७ जीबी दाखवतं आणि डीयू काही केबी. फाइल आतून पोकळ असते. जागा खरोखर मिळालेली असते, पण ती फाइल नंतर कुणी साध्या पद्धतीने कॉपी केली तर ती पोकळीही शून्यांनी भरून सोबत येऊ शकते.

वाचायचं कसं

एवढी फाइल एडिटरमध्ये उघडायची नाही. बहुतेक एडिटर सगळी मेमरीत घ्यायला जातात आणि मशीनच लटकतं. पानापानाने दाखवणारं लेस चालतं, पण त्याला मायनस एन द्यावं. नाहीतर शेवटाला उडी मारताना ते ओळींचे नंबर मोजत बसतं. दाबलेल्या फाइलीवर शोधणारं झेडग्रेप आणि मजकूर दाखवणारं झेडकॅट थेट चालतात, ४७ जीबी पुन्हा उलगडायची गरज नसते.

पहिला प्रश्न: आवाज कुणाचा? २६ कोटी ओळी सॉर्ट करायला जाऊ नये, सॉर्ट तात्पुरत्या फाइलींनी टेम्प फोल्डर भरून टाकतं. शितावरून भाताची परीक्षा पुरते. ओळीओळीने काम करणाऱ्या ऑक कमांडने दर हजारावी ओळ काढली, २.६ लाख ओळी मिळाल्या. त्यातून लॉगरच्या नावाचा रकाना वेगळा करून सॉर्ट, युनिक मायनस सी, पुन्हा उलटा सॉर्ट. वायर लॉगर ६१ टक्के, डेटाबेसशी बोलणारी हायबरनेट लायब्ररी २७ टक्के, स्प्रिंगचे स्वतःचे लॉगर ८ टक्के. ॲप्लिकेशनचा आपला कोड आणि इतर सगळं मिळून ४ टक्के. म्हणजे ४७ जीबीपैकी ४५ जीबी या तीन बडबड्यांचे.

दुसरा प्रश्न वेळेचा, आणि इथे एक फसगत झाली. एका पालकाची तक्रार रात्री ८:४२ची होती. लॉगमध्ये २०:४२ शोधलं तर सगळं शांत. जावा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहीत होतं आणि एनजिनएक्स भारतीय वेळेत. साडेपाच तास वजा केले की ८:४२ म्हणजे १५:१२. लॉगमध्ये २०:४२ला सापडत होती मध्यरात्रीनंतरची सव्वादोनची वेळ. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ते हेच. कुठल्याही लॉगमध्ये शोध सुरू करण्याआधी टाइमस्टॅम्प कुठल्या घड्याळाचा आहे हे एका माहीत असलेल्या घटनेवरून पडताळून घ्यावं; रीस्टार्टची वेळ त्यासाठी उत्तम.

१५:०५ ते १५:२० एवढा तुकडा काढताना आणखी एक खाच आहे. एक्सेप्शनचा, म्हणजे कोड अडल्याच्या नोंदीचा, स्टॅक ट्रेस (कोड कुठून कुठे गेला त्याची यादी) अनेक ओळींचा असतो आणि त्यातल्या पहिल्या ओळीलाच वेळ असते. नुसत्या वेळेवर ग्रेप केलं तर नेमका ट्रेसच गळतो. म्हणून ऑकला सांगायचं: ओळ वेळेने सुरू होत असेल तर ती हव्या पट्ट्यात आहे का ते तपास आणि लक्षात ठेव, वेळ नसलेली ओळ आली तर आधीच्या ओळीचा निकाल तिलाही लाव. पट्टा संपला की तिथेच थांब, नाहीतर ते उरलेल्या कोट्यवधी ओळी शेवटपर्यंत वाचत बसेल. त्यातून वायर आणि हायबरनेटच्या ओळी ग्रेप मायनस व्हीने वगळल्या. मायनस एफ देऊन आणि लोकॅल ‘सी’ करून ग्रेप चालवलं तर मोठ्या फाइलीवर वेगात चांगला फरक पडतो. दीड जीबीचा तुकडा १८० एमबीवर आला. हे वाचता येतं.

पण वाचायची वेळच फारशी आली नाही, कारण एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगने बोट दाखवलं. त्याच्या फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम आधीपासून घातलेला होता. डीफॉल्ट फॉरमॅटमध्ये तो नसतो, म्हणून मुद्दाम घालून ठेवावा. ‘५००’ मिळालेल्या विनंत्यांचे वेळ होते: ३०.००४, ३०.०११, ३०.००२, ३०.००७ सेकंद. खरा संथपणा असा एका रेषेत उभा राहत नाही, तो २२, ३७, ४१ असा विखुरतो. गोल आकड्यावर सगळे थांबत असतील तर तिथे कुणाचातरी टाइमआउट आहे. एनजिनएक्सचा प्रॉक्सी रीड टाइमआउट डीफॉल्टने ६० सेकंदांचा असतो आणि तो लागला तर ‘५०४’ येते. स्प्रिंग बूटमध्ये ३० सेकंदांचा डीफॉल्ट ज्याचा आहे तो हिकारी, म्हणजे डेटाबेस कनेक्शनचा पूल: आधीच उघडून ठेवलेली कनेक्शनं विनंत्यांना वापरायला देणारा.

त्यातली एक विनंती थ्रेडच्या नावावरून पकडली. ॲप्लिकेशनच्या आतला वेब सर्व्हर टॉमकॅट, त्याचा ‘एक्झेक ५७’ थ्रेड. एक विनंती पूर्ण होईपर्यंत एकाच थ्रेडवर राहते, म्हणून त्या दोन वेळांमधल्या त्या थ्रेडच्या सगळ्या ओळी म्हणजे त्या विनंतीचं चरित्र. १५:११:५० ला ‘पेमेंट रिटर्न’चा पत्ता जुळल्याची ओळ. १५:१२:२० ला एक्सेप्शन: कनेक्शन उपलब्ध नाही, ३०००० मिलिसेकंदांनंतर विनंती सोडून दिली. मध्ये एकही ओळ नाही. सेकंदाला हजारो ओळी ओकणाऱ्या लॉगमध्ये हा थ्रेड पुरते ३० सेकंद मुका होता. शब्द शोधत बसलं तर ही पोकळी कधीच सापडत नाही, कारण ग्रेपला नसलेली ओळ दिसत नाही. एकाच थ्रेडच्या सलग दोन ओळींमधल्या वेळेची वजाबाकी ऑककडून करून घेतली आणि ५ सेकंदांपेक्षा मोठ्या फटी छापल्या, तर अशा जागा आपोआप वर येतात.

आता फक्त हिकारीच्या ओळी काढायच्या होत्या. डीबगवर हिकारी दर ३० सेकंदांनी पूलची स्थिती लिहितो:

१५:१०:४२ – टोटल १०, ॲक्टिव्ह ३, आयडल ७, वेटिंग ०
१५:११:१२ – टोटल १०, ॲक्टिव्ह १०, आयडल ०, वेटिंग ३८
१५:११:४२ – टोटल १०, ॲक्टिव्ह १०, आयडल ०, वेटिंग ७४
१५:१२:१२ – टोटल १०, ॲक्टिव्ह १०, आयडल ०, वेटिंग ८८

४०,२०० सेकंदांत अशा १३४० ओळी. त्या सगळ्या मिळून २०० केबीही भरत नाहीत. एका लॉगरची पातळी बदलली असती तर हीच माहिती डिस्कला धक्का न लावता मिळाली असती.

दहा कनेक्शनं अडकली कशात

गेटवेवरून परत आलेली विनंती तीन कामं करत होती: ऑर्डरची नोंद डेटाबेसमधून वाचणं, गेटवेला स्थिती विचारून खात्री करणं, मग पावती लिहिणं. स्प्रिंग बूटमध्ये ‘ओपन इन व्ह्यू’ डीफॉल्टने चालू असतं. त्यामुळे पहिल्या वाचनाला घेतलेलं कनेक्शन विनंती संपेपर्यंत सुटत नाही; मधल्या कामात गेटवेच्या उत्तराची वाट बघतानाही ते तसंच धरून ठेवलं जातं. ॲप्लिकेशन सुरू होताना याची एक वॉर्निंग छापली जाते. ती इथेही दर वेळी छापली जात होती.

दिवसा गेटवे ०.४ सेकंदात उत्तर देत होता. १० कनेक्शनं, प्रत्येक ०.४ सेकंद अडकलेलं, म्हणजे सेकंदाला २५ विनंत्यांची क्षमता. गर्दीच्या वेळी गेटवेला ६ सेकंद लागायला लागले आणि क्षमता १.६७वर आली. येणाऱ्या विनंत्या होत्या सेकंदाला ३. रांग दर सेकंदाला सव्वा ते दीडने वाढणार, अर्ध्या मिनिटात चाळिशीला पोहोचणार. वरच्या ओळीतला ३८ आकडा तोच. पुढे ३० सेकंद थांबून लोक गळायला लागतात, म्हणून ती ३ गुणिले ३०, म्हणजे नव्वदच्या आसपास स्थिरावते. ८८.

पूल २० करून टाका, असा उपाय लगेच सुचतो. हिशेबाने क्षमता ३.३ होते, म्हणजे सेकंदाला ३ विनंत्या जेमतेम निभतात. गेटवे ६ ऐवजी ८ सेकंदांवर गेला की पुन्हा तीच रांग. म्हणून पूल १०च ठेवला. ओपन इन व्ह्यू बंद केलं, वाचनाचा आणि लिहिण्याचा ट्रान्झॅक्शन वेगळा केला आणि गेटवेचा कॉल दोन्हींच्या बाहेर, मध्ये आणला. गेटवेच्या कॉलला कनेक्ट टाइमआउट २ सेकंद आणि रीड टाइमआउट १० सेकंद लावला. आधी काहीच मर्यादा नव्हती. ओपन इन व्ह्यू बंद केल्यावर टेम्प्लेटमध्ये लेझी इनिशियलायझेशनची, म्हणजे नोंद उशिरा वाचायला जावं तर कनेक्शन सुटलेलं असल्याची, एक्सेप्शनं उगवतात, इथे पावतीच्या पानावर दोन ठिकाणी आली. त्या नोंदी आधीच जोडून वाचाव्या लागल्या. हिकारीचा लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड ५ सेकंदांवर ठेवला, म्हणजे कुणी कनेक्शन त्याहून जास्त वेळ धरलं तर ते कोडच्या कुठल्या ओळीवर घेतलं त्याच्या ट्रेससकट वॉर्निंग येते. डीबगची गरजच उरत नाही.

लॉगची शिस्त

स्क्रिप्टमधली वळवणी काढली. लॉगबॅकच्या फाइली १०० एमबीला फिरतात आणि एकूण आकारावर ५ जीबीची मर्यादा आहे. ही एकूण मर्यादा डीफॉल्टने नसते, ती लिहावीच लागते. लॉगना वेगळं पार्टिशन दिलं, म्हणजे ते भरलं तरी डेटाबेस उभा राहील. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक देऊन तो लॉगबॅकच्या एमडीसी या सोयीमार्फत प्रत्येक ओळीत आणला. थ्रेडच्या नावावरून माग काढणं एसिंक कोडमध्ये, जिथे एक विनंती अनेक थ्रेडवर फिरते, चालत नाही.

ओळी रांगेत ठेवून मागाहून लिहिणारा लॉगबॅकचा एसिंक अपेंडर लावावा का, यावर विचार झाला आणि डीबगपुरता तो नको असं ठरलं. त्याची रांग डीफॉल्टने २५६ची, आणि ती ८० टक्के भरली की तो ट्रेस, डीबग आणि इन्फोच्या ओळी मुकाट्याने टाकून देतो. म्हणजे गर्दीच्या ज्या क्षणासाठी डीबग लावला, त्याच क्षणाच्या ओळी गायब. लिनक्सच्या जर्नलडी या लॉग सेवेचंही असंच आहे: डीफॉल्टने एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० ओळींच्या पुढे तो गाळायला लागतो. निदान किती ओळी गाळल्या त्याची नोंद तरी ठेवतो.

पातळी वाढवायची तर आता आधी ती खाली आणणारी कमांड, ठरल्या वेळी काम करणाऱ्या ‘ॲट’ने ३० मिनिटांनंतरची लावली जाते आणि मगच वर नेली जाते. उलट क्रमाने केलं की खाली आणणं राहून जातं. ॲक्चुएटरचे एंडपॉइंट बाहेरून दिसत नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घेतलं.

आणि त्या ३.४ जीबीच्या फाइलीचं काय? तिच्यात वायर लॉगरमुळे गेटवेची ऑथरायझेशन की होती, हजारो विद्यार्थ्यांची नावं, मोबाइल नंबर, ईमेल होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या नजरेने पाहिलं तर ही लॉग फाइल नसून लोकांच्या माहितीचा साठा आहे. ती कुणाच्या लॅपटॉपवर जाऊ दिली नाही, काम संपल्यावर पुसली आणि गेटवेची की बदलून घेतली. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. त्यासाठी नेहमीच्या इन्फो आणि ॲक्सेस लॉगची वेगळी, माहिती झाकलेली प्रत ठेवण्याची सोय केली. अडकलेल्या पावत्या गेटवेच्या सेटलमेंट फाइलीशी ताळा करून दिल्या आणि दुबार आलेली फी परत पाठवली.

बदल चढवल्यावरच्या पहिल्या संध्याकाळी फक्त हिकारी आणि ॲप्लिकेशनचं पेमेंट पॅकेज असे दोनच लॉगर ८:१५ ते ८:४५ डीबगवर होते. गेटवे त्या दिवशीही ६ सेकंदांवरच होता. अर्ध्या तासाचा लॉग ४ एमबी भरला, आणि १५:१२च्या ओळीत होतं: टोटल १०, ॲक्टिव्ह १, आयडल ९, वेटिंग ०.